पन्नीचा आवाज

चंद्रपुरात मे महिन्यात माणूस सेहेचाळीस डिग्रीत भाजते अन् आमच्या कॉलेजातले उंदीर चोवीस डिग्रीत झोपतेत. हे मी कोणाले सांगतलं तं लोकायले वाटते, जाफर फेकून राह्यला. पण खरं आहे. औषधशास्त्राचं कॉलेज आहे, अन् मी तिथल्या प्राणीगृहात चाकरी करतो. कॉलेजाचं नाव नाई सांगत. या गोष्टीत इज्जत माही जाणार आहे, कॉलेजाची कशाले घालवू.

काम काय, तं पांढरे उंदीर सांभाळायचे. पिंजरे धुवायचे, खाली धानाचा कोंडा अंथरायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, सकाळी सातले दिवे लावायचे अन् सांजच्या सातले मालवायचे. अकरा वर्षं झाले. माहा बाप अहेरीच्या बाजारात भांड्यायले कल्हई करे, त्याच्या हाताले चटका माहीत नव्हता. माह्या हाताले उंदराचा दात माहीत नाई. नवीन पोट्टे येतेत, उंदराले शेपटीनं लटकवतेत, मंग चावला का नाचतेत. मी त्यायले म्हणतो, बावा, तुले कोणी शेपटीनं उचललं असतं तं तूबी चावला असता.

खर्रा म्हणजे काय, हे आमच्या इकडच्या माणसाले सांगावं लागत नाई. बाकीच्यायसाठी सांगतो. सुपारीचा चुरा, तंबाखू अन् चुना. ठेलेवाला ते पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यात, टाकून पाटीवर घोटते अन् त्याच पन्नीत बांधून देते. खायच्या आंधी आपण ती पुडी तळहातावर ठेवायची अन् पन्नीसकट अंगठ्यानं रगडायची. चर्र, चर्र, चर्र. मंग खोलायची अन् गालात दाबायची. न रगडता खाणारा माणूस मी अजून पाह्यला नाई. मी चौदा वर्षाचा असताना आलापल्लीच्या बस स्टँडवर पहिला खर्रा खाल्ला, गरगरून बाकावर आडवा झालो, अन् तिथून पुढं चाळीस वर्षं सोडला नाई.

मागच्या साली कॉलेजात दात तपासायचं शिबिर लागलं. डॉक्टर पोरगी म्हणे, काका, तोंड उघडा. उघडलं. म्हणे, अजून उघडा. म्हणलं, बाई, एवढंच आहे. तिनं माह्याच हाताचे बोटं उभे माह्या तोंडात घालाले लावले. तीन जाले पायजे होते, दोन गेले. ती म्हणाली, खर्रा आजच्या आज बंद करा, नाईतं उद्या एक जाईन, मंग चमचाबी जाणार नाई. माह्या बाजूले दिव्या उभी होती. तिनंच मले ओढत आणलं होतं.

दिव्या हिचामी एटापल्लीच्याबी आतल्या गावची. एम.फार्मच्या दुसऱ्या वर्षाले होती. पहिल्या दिवशी आली तवा मले वाटलं, हे पोट्टी उंदीर पाहून पळन. तं तिनं पिंजऱ्यात हात टाकला अन् कोंबडीचं पिलू उचलावं तसा उंदीर उचलला. मी इचारलं, कुठची. म्हणाली, एटापल्ली. म्हणलं, मंग आपण शेजारीच, मी अहेरीचा. तवापासून ती मले जाफरभाऊ म्हणे, अन् तिचे सर समोर नसले का मी तिले पोरी म्हणो.

शिबिरातून परत आलो तवा तिनं हात पुढं केला. "डबी द्या."

खर्र्याच्या पुड्या ठेवाची माही स्टीलची डबी होती, माह्या बापानं चमकवून दिलेली. मी ती तिच्या हातावर ठेवली अन् म्हणलं, "पोरी, शमसुन्निसाच्या डोक्याची कसम, आजपासून बंद." शमसुन्निसा म्हणजे माही बायको. दिव्यानं ती डबी आतल्या टेबलावर पेनं ठेवतेत तिथी ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगे, जाफरभाऊनं सोडला. वर्गातल्या पोट्ट्यायले माहं उदाहरण देऊन राह्यली होती. मी सोडला तीन दिवस. चौथ्या दिवशी ठेल्यावर गेलो अन् पुडी घेतली, अन् डबी नव्हती म्हणून पँटच्या खिशात ठेवली. हे पयले सांगून टाकतो. बाकीचं सारं यातूनच झालं.

आता तिचा प्रयोग. तिच्या बाबानं, कोलूभाऊनं, खर्रा सोडला होता. पाच महिने तोंडाले लावला नाई. मंग एक दिवस एटापल्लीच्या आठवडी बाजारात गेले, एकदाच खाल्ला, अन् पयले दिवसाले चार पुड्या लागे तिथी सात लागाले लागल्या. दिव्याच्या डोस्क्यात तेच बसलं होतं. ती म्हणे, तंबाखूत जे निकोटिन असते ते रोज रोज दिलं का शरीर त्याले शिकून घेते. औषध तेवढंच, पण उंदीर दर दिवशी जास्त धावते. अन् मधात सुट्टी दिली तरी ते शिकलेलं पुसत नाई. पुन्हा एकदाच दिलं का पयल्यापेक्षा जास्त धावते.

मी म्हणलं, "त्याले आमच्यात म्हणतेत, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाई. त्याच्यासाठी बारा उंदीर कशाले पायजे?"

"म्हणतेत ते खरं आहे का, हे पाहासाठी," ती म्हणाली.

बारा उंदीर. शेपटीवर आकडे मीच टाकले. एक ते सहाले निकोटिन, सात ते बाराले नुसतं मिठाचं पाणी. रोज सकाळी दहाले सुई, चौदा दिवस. शेजारच्या खोलीत एक पेटी आहे, तिच्यात उजेडाचे बारीक किरण आडवे जातेत. उंदीर चालला का किरण तुटते अन् यंत्रावर एक आकडा वाढते. दहा मिनिटात किती आकडे झाले ते लिहायचं. तिचे गाइड भोयर सर. ते भल्ले कडक, पण न्यायाचा माणूस. त्यायनं बजावलं होतं, सुई पेटीजवळ द्यायची नाई अन् पेटीत रोज टाकायचं नाई, नाईतं उंदीर पेटीलेच ओळखाले लागतेत अन् तिच्यात पाय ठेवला का औषधाशिवायच धावतेत. सर म्हणे, उंदराले वाटलं पायजे का सुई कवाबी आली. त्याले कायचीच चाहूल लागाले नाई पायजे.

पयल्या दिवशी एक ते सहा कोंड्यात गपगार पडले. मले आलापल्लीचा बाक आठवला. चौथ्या-पाचव्या दिवशी ते चालाले लागले. सातव्या दिवशी मोजलं तं आकडे वाढले होते. चौदाव्या दिवशी तं चार नंबरचा उंदीर असा धावला का दिव्या यंत्राकडं पाहून खुर्चीतून उठली. औषध तेवढंच होतं. तिची गोष्ट खरी निघून राह्यली होती.

माही रीत सांगतो. उंदीर मी पकडो, सुई दिव्या दे. हातमोजे घातल्यावर पुडीले हात लावता येत नाई, अन् बारा उंदीर व्हायले दीड तास जाते. म्हणून दिव्या आतल्या टेबलावर सुया भरत असताना मी पिंजऱ्यायच्या मांडणीकडं तोंड करून उभा राहो. खिशातून पुडी काढो, रगडो, गालात दाबो. वरून मास्क. मास्क हे भल्ली सोयीची चीज आहे. मंग हातमोजे घालून पयला उंदीर उचलो. चौदा दिवस एकबी दिवस चुकलो नाई. दारावर 'तंबाखू आत आणू नये' असा फलक आहे, तो मीच खिळा ठोकून लावला आहे.

मंग तीन आठवडे सुट्टी. उंदरायले सुई नाई, मले हातमोजे नाई. पुडीची तलफ आली का मी मागच्या दारानं कडुलिंबाखाली जाऊन उभा राहो. आत रगडायची गरजच नव्हती.

सुट्टी संपली. उंदरायच्या परीक्षेच्या पयल्या दिवशी, सोमवारी, बाराहीले नुसतं मिठाचं पाणी द्यायचं होतं. सारे सारखेच चालले पायजे, मंग दुसऱ्या दिवशी खरं औषध देऊन फरक पाहायचा, असा हिशेब. सात ते बाराचे आकडे दीडशेच्या आसपास आले. एक ते सहाचे तीनशेच्या वर. चार नंबर चारशे वीस. औषधाचा थेंबबी दिला नव्हता.

सर आले, कागद पाह्यला. "बाटल्या बदलल्या तू."

"नाही सर."

"मग हे पाण्यावर धावले का?"

मंगळवारी मी सुट्टीवर होतो. मुलचेऱ्याले साडूच्या पोरीचं लग्न होतं. उंदीर पकडाले बागेतल्या देवरावले बोलावलं. त्या दिवशी पुन्हा पाणी दिलं, तं बाराही उंदीर दीडशेच्या आसपास, एकदम शहाणे. सर म्हणाले, "पाहा. म्हणजे काल बाटल्या बदलल्याच होत्या." बुधवारी मी आलो. सरायनं पाण्याच्या सुया स्वतः भरल्या, स्वतः वास घेऊन, स्वतः नाव लिहून. अन् एक ते सहा पुन्हा धावले.

सर मंग खुर्चीत बसले. चिडले नाई, तेच वाईट होतं. शांतपणे म्हणाले, "दिव्या, हे असं प्रबंधात टाकता येत नाही. येत्या सोमवारपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाहीतर हे उंदीर बाद. नवीन उंदीर, समितीची नवीन परवानगी." परवानगीले तीन महिने लागतेत हे मलेबी माहीत होतं. नागपूरले पुढच्या संशोधनासाठी दिव्याची निवड झाली होती, पण जूनअखेर प्रबंध दिला तरच. एप्रिल संपून राह्यला होता.

आता माहं ऐका. बुधवारी सर सुया भरत असताना मी मांडणीसमोर उभा राह्यलो अन् खिशातून पुडी काढली. सर पलीकडं असताना खाऊन राह्यलो होतो, एवढा मी निर्ढावलो होतो. अंगठा फिरवला. चर्र. अन् पिंजऱ्यातला चार नंबर, जो कोंड्यात तोंड खुपसून झोपला होता, त्यानं मुंडकं वर केलं. मी पुन्हा रगडलं. तो जाळीपाशी आला, मागच्या पायावर उभा राह्यला, नाक जाळीतून बाहेर काढून माह्या हाताकडं. त्याच्यामागं दोन नंबर. मंग पाच. खालच्या फळीवर सात ते बारा मस्त झोपले होते, त्यायले काई घेणंदेणं नव्हतं.

माहा अंगठा तिथीच थांबला. मी काई शिकलेला माणूस नाई, दहावी नापास आहो. पण मले समजलं. चौदा दिवस मी त्यायले शिकवलं होतं. आंधी पन्नीचा आवाज, मंग सुई, मंग डोस्क्यात गरगर. सर म्हणत होते उंदराले कायचीच चाहूल लागाले नाई पायजे, अन् मी रोज दहाले त्यायच्या कानाशी घंटी वाजवून राह्यलो होतो. मंगळवारी मी नव्हतो, घंटी वाजली नाई, उंदीर धावले नाई. बस, एवढंच होतं.

अन् तरी मी ती पुडी खाल्ली. मास्क लावला, हातमोजे घातले अन् एक नंबर उचलला.

गुरुवारी मी काई बोललो नाई. डोस्क्यात चक्रं फिरून राह्यली होती. मी ठेक्यावरचा माणूस, सांगतलं तं ठेका तुटते. सांगतलं तं दिव्यासमोर कसम खोटी पडते, अन् घरी शमसुन्निसाले समजते का तिच्या डोक्यावर मी काय ठेवलं. मनातल्या मनात मी दिव्यावरच चिडलो. म्हणलं, हिलेच हौस होती डबी मागाची. चोर तो चोर अन् वरून शिरजोर, तो मी. ती बिचारी दिवसभर मांडणीजवळ बसून होती. स्वतःच्या हाताचा वास घे, साबण बदलून पाहे, कोंड्याची पोती उघडून पाहे. मले म्हणाली, "जाफरभाऊ, तुम्ही असले का धावतेत, नसले का नाई. तुमच्या कपड्याले काई वास तं नाई?"

मी म्हणलं, "रोज धुतलेले घालतो." हे खरंच होतं.

शुक्रवारी दुपारी ती मागच्या दारात पायरीवर बसून घरी फोनवर बोलून राह्यली होती. तिची माडिया बोली मले दोन-चार शब्दापलीकडं समजत नाई. पण फोन ठेवल्यावर तिनंच सांगतलं. "बाबाले म्हणलं, माझ्याच हातून काई चुकलं असन. बाबा म्हणाले, असू दे, ये घरी, तेंदूपानाचा हंगाम सुरू होते."

ती रडली नाई. रडली असती तं मी कदाचित वाचलो असतो, दोन शब्द समजावून सुटलो असतो. ती उठली, पिंजऱ्यायच्या बाटल्या पाहाले गेली. ते माहं काम होतं. त्या रात्री मी ताट तसंच सरकवलं, अन् शमसुन्निसाले मी पोट बिघडलं म्हणून सांगतलं.

शनिवारी सकाळी दहाले मी तिले म्हणलं, "पोरी, सुया नोको भरू. इकडं ये."

तिले मांडणीसमोर उभं केलं. तोंडानं सांगाची हिंमत झाली नाई. मास्क काढला, खिशात हात घातला, पुडी तळहातावर ठेवली अन् रगडली. चर्र, चर्र, चर्र. वरच्या फळीवर सहा मुंडके उठले. चार नंबर जाळीले लटकला. खालची फळी झोपलेली.

 दिव्यानं माह्या हातातून पुडी घेतली अन् स्वतः रगडली. उंदीर तिच्याकडं वळले. थांबली, ते हळूहळू बसले. पुन्हा रगडली, पुन्हा उठले. असं तिनं चार वेळा केलं. चौथ्या वेळी तिच्या डोळ्यात पाणी होतं अन् ती हसूनबी राह्यली होती, सरायनं मागितलेलं कारण सापडलं होतं. मंग ते हसू गेलं अन् तिनं माह्याकडं पाह्यलं.

"कधीपासून?"

"सोडलाच नव्हता."

तिनं टेबलावरच्या डबीकडं पाह्यलं. पेनाजवळ तशीच चमकून राह्यली होती. "मी वर्गात सांगत होती," ती म्हणाली, "साऱ्यायले."

मले वाटलं होतं ती बोलन, ओरडन. तिनं शिव्या घातल्या असत्या तं बरं झालं असतं. मी म्हणलं, "चल सरायकडं. माह्या तोंडानं सांगतो, तू मधात बोलू नोको."

भोयर सरायनं सारं ऐकलं. मी पायाकडं पाहून बोलून राह्यलो होतो. मी "रगडलं" म्हणलं तवा त्यायचा हात आपोआप सदऱ्याच्या वरच्या खिशाकडं गेला अन् अर्ध्यावरून परत आला. ते दिव्यानं नाई पाह्यलं, मी पाह्यलं. माणूस न्यायाचा आहे हे मी आंधीच म्हणलं. मेमो लिहिला, माही सही घेतली. म्हणाले, "यांना आजपासून आत येऊ देऊ नको."

"सर, हेच हात पायजे," दिव्या म्हणाली. "चौदा दिवस यायच्याच हातानं झालं आहे. आता तपासायचं असन तं यायच्याच हातानं."

 सरायनं मेमो टेबलाच्या खणात टाकला अन् खण बंद केला. तो अजून तिथीच असन.

पुढचे दहा दिवस काम चाललं. पयले वास का आवाज हे शोधायचं होतं. दिव्या म्हणाली, पुडीत तंबाखू नोको, दुसरं काई भरा. मी धानाचा कोंडा भरला, तशीच गाठ मारली, तशीच रगडली. उंदीर तसेच धावले. कोंड्यावर. ज्या कोंड्यावर ते रात्रंदिवस झोपतेत त्याच्यावर. मंग एक दिवस पुडीशिवाय, बिलकुल आवाज न करता, निकोटिन दिलं, अन् तिची मूळची गोष्टबी निघाली. तीन आठवडे सुट्टी होऊनबी ते पयल्यापेक्षा जास्त धावले. सर म्हणाले, आता हे एक प्रकरण जास्तीचं झालं, लिही. चूक कशी झाली तेबी लिही, लपवू नको. तिनं लिहिलं. माहं नाव नाई टाकलं, 'प्राणीगृहातील परिचर' असं टाकलं. मी तिले म्हणलं, टाक ना नाव. ती म्हणाली, नाव टाकाची पद्धत नाई.

तिनं घरी फोन करून कोलूभाऊले इचारलं, बाबा, बाजारात त्या दिवशी खर्रा कोणी दिला होता. ते म्हणाले, कोणी नाई दिला. ठेल्यासमोरून चाललो होतो, तो घोटत होता. दिव्यानं मले हे सांगतलं अन् वहीत लिहून ठेवलं.

त्या शनिवारपासून मी खर्रा खाल्ला नाई. कसम नाई खाल्ली, माह्या कसमेले आता कोण इचारते. शमसुन्निसाले सारं सांगतलं. ती दोन दिवस बोलली नाई. तिसऱ्या दिवशी ताट ठेवलं अन् म्हणाली, "पुढच्या वेळी स्वतःच्या डोक्याची खा."

मंग दिव्यानं शेवटचं काम काढलं. शिकलेलं जाते का, हे पाहाचं. रोज दहाले मी मांडणीसमोर उभं राहून कोंड्याची पुडी रगडायची, अन् मंग काईच द्यायचं नाई. सुई नाई, औषध नाई. ती म्हणाली, "आवाज आला अन् मागून काई आलं नाई, असं रोज झालं का हळूहळू धावणं थांबते म्हणतेत. पूर्ण पुसत नाई, पण थांबते."

डबी तिनं मले परत दिली, तिच्यात कोंड्याची पुडी ठेवाले.

पयल्या दिवशी मी रगडलं. सहाही उठले, तिनं आकडे लिहिले. अन् तवा काय झालं ते सांगतो, हसू नोका. मी पुडीची गाठ सोडली होती. चिमूट काढली होती. मास्क खाली केला होता अन् हात ओठापाशी गेला होता. कोंडा होता. मीच सकाळी पोत्यातून भरला होता. दिव्या पेन हातात धरून माह्याकडं पाहून राह्यली होती.

"जाफरभाऊ," ती म्हणाली, "कोंडा आहे तो."

"माहीत आहे," मी म्हणलं. अन् मले एवढी लाज वाटली का चौपन्न वर्षाच्या माणसाले वाटू नये.

रोज दहाले उभा राहो. तिसऱ्या दिवशी सहा नंबर उठला नाई. पाचव्या दिवशी एक अन् तीन. आठव्याले पाच नंबरनं नुसतं मुंडकं वर केलं अन् पुन्हा खाली टाकलं. चार नंबर तेवढा हेकोडा. दहाव्या दिवशीबी जाळीपाशी येऊन उभा. मी त्याले रगडता रगडता म्हणो, बावा, येणार नाई आता काई, झोप. तो माह्या अंगठ्याकडं पाहे. मले तो माह्यासारखाच वाटे, म्हणून मनात मी त्याच्याच बाजूनं होतो. हा थांबणार नाई, असं मी स्वतःशी पैज लावल्यासारखं धरून बसलो होतो.

चौदाव्या दिवशी दिव्या प्रबंधाचं बाइंडिंग टाकाले जायच्या घाईत होती. म्हणाली, शेवटचं रगडा, मी लिहिते अन् निघते. मी पुडी काढली. चर्र, चर्र, चर्र. वरची फळी शांत. मी जरा जोरात रगडलं. दोन नंबरनं कूस बदलली. चार नंबर कोंड्यात तोंड खुपसून झोपला होता, पोट वरखाली होऊन राह्यलं होतं, कान हललाबी नाई.

"थांबला," दिव्या म्हणाली अन् तिनं शून्य लिहिलं.

माह्या तोंडाले पाणी सुटलं होतं. गालाच्या आत, उजव्या बाजूले, जिथी चाळीस वर्षं दाबला तिथी. मले त्या उंदराचा हेवा वाटला, खोटं नाई सांगत. त्याचे चौदा दिवस अन् माहे चाळीस वर्षं. मी पाणी गिळलं. दिव्यानं माह्या गळ्याकडं पाह्यलं, मंग डोळे वळवले. ती पोरगी चांगली आहे.

"तुमाले किती दिवस झाले?" तिनं इचारलं.

"आज चोवीस."

तिनं कागद फाइलमध्ये ठेवला अन् दारापाशी थांबली. "माझं झालं," ती म्हणाली, "पण तुम्ही रोज दहाले रगडत राहा. आत कोंडाच ठेवा."

ती जूनअखेर नागपूरले गेली. प्रयोग संपल्यावर उंदरायचं काय करतेत ते मले ठाऊक आहे, अन् ते मी कोणाले सांगत नाई. वरची फळी आता रिकामी आहे. मी रोज दहाले तिच्यासमोर उभा राहतो, डबीतून पुडी काढतो अन् रगडतो. पाणी सुटते. मंग हातमोजे घालून कामाले लागतो.